शोरूममधले पेंट प्रोटेक्शन : पैसे कशाचे मोजतो?

नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये विमा आणि ॲक्सेसरीजच्या खाली ‘पेंट प्रोटेक्शन’ (रंगावर चढवायचा संरक्षक थर) ही ओळ बहुधा आधीच छापलेली असते, आणि ती ऐच्छिक आहे हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आम्ही घेतलेले निघाले साधे टेफ्लॉन कोटिंग. पावसाळ्याच्या सुरुवातीला बॉनेटवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहत, पण दिवाळीपर्यंत तेच पाणी सपाट पसरू लागले, म्हणजे थर झिजला होता.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावून सुकवलेला कडक पारदर्शक थर, याहून टिकाऊ असते हे खरे. तथापि त्याचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याने पक्ष्यांची विष्ठा आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग धुणे सोपे होते एवढेच, घाटात डंपरच्या चाकाखालून उडालेल्या खडीपुढे किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये घासून गेलेल्या स्कूटरच्या हँडलपुढे त्याचा निभाव लागत नाही. खडी अडवते ती 150 ते 200 मायक्रॉनची पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) ही रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, आणि ती अर्थातच महाग.

माझा मुख्य आक्षेप मात्र कामाच्या पद्धतीवर आहे. सिरॅमिकपूर्वी रंगावरची धूळ, डांबराचे ठिपके आणि बारीक ओरखडे काढून पॉलिश करावे लागते व नंतर थर सुकायला वेळ द्यावा लागतो. डिलिव्हरीच्या घाईत, सर्व्हिस सेंटरच्या धुलाईशेजारी हे होणे कठीण. शिवाय वॉरंटी टिकवण्यासाठी ठरावीक काळाने शोरूमकडेच पैसे भरून देखभाल करून घेण्याची अट असते, ती बारीक अक्षरांत. कोटिंग हवेच असेल, तर गाडी घरी आणून चांगल्या डिटेलरकडे (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे) न्यावी.