मॅक्लारेन ५७०एस: दीडेक वर्ष वापरून आणि विकायला काढून पाहिल्यावर

पहिल्या मालकाचं २०१८ चं मूळ बिल गाडीच्या फायलीत आहे. एकूण १,७१,००० पौंड. २०१५ मध्ये ही ब्रिटिश सुपरकार आली तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत १,४३,२५० पासून सुरू व्हायची, त्यामुळे वरचा बराचसा पैसा एक्स्ट्राजमध्ये गेलाय हे उघड आहे: बाहेरून कार्बन फायबर, महागातला रंग, भारी म्युझिक सिस्टीम. मी ती २०२४ च्या उन्हाळ्यात ८१ हजारांना घेतली. सहा वर्षांत नव्वद हजारांची खोट त्या गृहस्थाने खाल्ली होती, मला फक्त चावी घ्यायची होती.

इंजिन, बीएचपी, शून्य ते साठ हे तुम्हाला पाठ असणार, ते इथे उगाळत नाही. गाडी अप्रतिम चालते. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, आणि वर उघडणारी दारं बघून सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पोरं जमतात. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. मी पेशाने अकाउंटंट, मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडात मिल्टन कीन्सला. माझा जीव अडकलाय तो भावात.

आधी घसरण होते कुठे ते बघू. त्या १,७१,००० पैकी सहावा हिस्सा, म्हणजे २८,५०० पौंड, नुसता व्हॅट. तो सरकारजमा झाला. सेकंडहँड घेणारा त्याचे पैसे कशाला मोजेल? एक्स्ट्राजचंही तेच. पंधरा-वीस हजारांचं कार्बन लावलेली गाडी आणि साधी गाडी यांच्या सेकंडहँड जाहिराती शेजारी ठेवून बघा, दोन-तीन हजारांचाही फरक दिसत नाही. पैसे थोडेफार परत देतात त्या तीन गोष्टी: नाक वर उचलणारी लिफ्ट, स्पोर्ट्स एक्झॉस्ट आणि बकेट सीट्स. माझ्या गाडीला लिफ्ट आहे. आमच्या गल्लीतले स्पीड ब्रेकर बघता ती नसती तर गाडी मुख्य रस्त्यावरच लावून चालत घरी यावं लागलं असतं.

दुसरं कारण खुद्द कंपनीचं. २०१८ मध्ये मॅक्लारेनने ४,८०६ गाड्या विकल्या. त्याच वर्षी फेरारीने ९,२५१. जवळजवळ दुप्पट! म्हणजे 'गाड्या जास्त झाल्या म्हणून भाव पडला' हे स्पष्टीकरण पुरत नाही. फरक रांगेचा आहे. फेरारीकडे खास मॉडेल हवं असेल तर आधी साध्या गाड्या घ्याव्या लागतात आणि त्या लगेच बाजारात न फुंकता सांभाळाव्या लागतात. शिवाय पहिली सात वर्षं ठरलेलं सर्व्हिसिंग किमतीतच येतं, म्हणून जुन्या गाडीचं पुस्तकही भरलेलं सापडतं. वोकिंगवाल्यांनी, म्हणजे मॅक्लारेनने, त्याच काळात ५४०सी, ५७०एस, ५७०जीटी, स्पायडर आणि ६००एलटी असा धडाका लावला, आणि वर २०२५ पर्यंत १८ नवी मॉडेलं आणण्याची योजना जाहीर केली. वर्षभरात आपली गाडी मागच्या पिढीची होणार हे ज्याला आधीच सांगितलंय, त्याच्याकडून चढा भाव कोण मागणार? त्यातही मोजक्याच बनवलेल्या गाड्या टिकल्या. ६७५एलटीचे ५०० कूपे निघाले, त्यांचे भाव बघा आणि त्याच काळातल्या साध्या ६५०एसचे बघा.

आता मुख्य रडगाणं. टायर.

नोव्हेंबरात मी गाडी एका डीलरकडे नेली. विकायची घाई नव्हती, पण बाजारात आपली किंमत काय ते माहीत असलेलं बरं. तपासणाऱ्या पोराने इंजिन ऐकलं नाही, रंगाची जाडी मोजली नाही. गुडघ्यावर बसला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून टॅबलेटवर उतरवले. पुढच्या दोन्ही टायरवर ०९१८: २०१८ चा नववा आठवडा. मागच्यांवर ३३२०. "चारही टायर जुने धरावे लागतील," असं म्हणून १,९०० पौंड वजा. मी खिशातून माप काढलं (हो, माझ्या खिशात खोली मोजायचं माप असतं). पुढे साडेपाच मिलिमीटर नक्षी शिल्लक, कायद्याला १.६ पुरते. त्याला सांगितलं की या देशात दहा वर्षांपेक्षा जुन्या टायरवर बंदी आहे ती लॉरी आणि बसच्या पुढच्या चाकांना, तीही फेब्रुवारी २०२१ पासून. कारला वयाचं बंधन नाही. तो गोड हसला. आकडा हलला नाही. एकूण भाव ७१ हजार.

यातली मेख अशी. या गाड्या कोणी चालवत नाही. मैल वाढले तर भाव पडेल या धास्तीने मालक त्यांना पांघरूण घालून, लिथियम बॅटरीला चार्जर लावून गॅरेजात ठेवतात. मग टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. रबर कडक होतं, थंड ओल्या रस्त्यावर पकड जाते, आणि मैल वाचवून मिळवलेले पैसे टायरवाल्याच्या गल्ल्यात जातात. शिवाय कोणतेही टायर चालत नाहीत. पिरेली मॅक्लारेनसाठी बनवते त्यांच्यावर एमसी अशी खूण असते. त्याच मापाचा, पुढे २२५/३५ आर१९ आणि मागे २८५/३५ आर२०, बिनखुणेचा टायर स्वस्तात मिळतो, पण तो बसवलात की पुढचा गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, "इथे पैसे वाचवले, तर आणखी कुठे वाचवले?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तरी तोच प्रश्न विचारला असता.

त्या आठवड्यात हे एवढं लिहून ठेवलं होतं आणि शेवट 'या गाड्यांच्या नादी लागू नका' असा करणार होतो. मग दोन गोष्टी झाल्या.

नाताळात साडूंकडे जेवायला गेलो. त्यांनी माझ्याच सुमारास एक नवी जर्मन इलेक्ट्रिक सलून घेतली होती, आणि तेव्हापासून दर भेटीत "काय, उडाले का पैसे?" ही चौकशी व्हायची. जेवणानंतर मी त्यांच्या गाडीचा नंबर ऑनलाइन किंमत सांगणाऱ्या साइटवर टाकला. अठ्ठावीस हजार पौंड गेले होते. माझे, डीलरच्या पडेल भावानेही, दहा. अकरावीच्या पुस्तपालनात घटत्या शिल्लक पद्धतीची गणितं केलेल्यांना यात नवल वाटू नये: टक्का तोच, पण रक्कम दरवर्षी आक्रसत जाते. साडूंनी बासुंदीची दुसरी वाटी घेतली आणि विषय क्रिकेटवर नेला.

दुसरी गोष्ट, मी पुढचे दोन टायर बदलले. एमसी खुणेचेच, गावातल्या टायरवाल्याकडून, बसवण्यासकट साडेपाचशेला. मार्चच्या शेवटी, ऊन पडल्यावर, गाडी दुसऱ्या एका खरेदीदाराला दाखवली. ७६,५००. टायरमुळे की उन्हामुळे? खरं सांगायचं तर बहुतेक उन्हामुळे. इथे अशा गाडीला नोव्हेंबरात कुत्रं विचारत नाही आणि वसंतात फोन येतात. पण त्यानेही टायरचे आकडे वाचले, आणि या वेळी टॅबलेटवर काही वजा केलं नाही. म्हणजे पावणेदोन वर्षांत साडेचार हजारांची घट. यापेक्षा जास्त घट मी हॅचबॅकमध्ये सोसली आहे, आणि तिच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नव्हतं.

बाकीचे खर्च थोडक्यात. विमा माझ्या वयाला परवडतो, पंचविशीतल्याने विचारूही नये. सर्व्हिस महाग, पण ठरलेली. वाढीव वॉरंटी घ्यावी का, यावर लोक भांडतात. मी घेतली, कारण विकताना ती पुढच्याच्या मनातली भीती घालवते, आणि या बाजारात भाव ठरतो तो भीतीवरच. ५७०एसचा एक गुण इथे कामी येतो: तिला साधे अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं आवरणारे दांडे) आहेत, ६५०एस किंवा ७२०एससारखं एकमेकांना जोडलेलं हायड्रॉलिक सस्पेन्शन नाही, त्यामुळे त्यातला तेलाचा दाब सांभाळणाऱ्या आणि वयाबरोबर दम टाकणाऱ्या अक्युम्युलेटरची काळजी नाही. धाकटी बहीण म्हणून जिला नाकं मुरडली गेली, तीच जुनी झाल्यावर सांभाळायला सोपी निघाली.

भीतीवरून आठवलं. हल्लीच्या हायब्रिड सुपरकारवाल्यांची घसरण बघून माझी झोप जरा जास्तच चांगली लागते. मॅक्लारेनचीच आर्टुरा घ्या किंवा फेरारीच्या एसएफ९० आणि २९६ घ्या, रांगेची पुण्याईही त्यांना पुरली नाही. दहा वर्षांनी बॅटरी कोण बदलून देणार, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्यात आहे. फेरारीने २०२४ मध्ये त्यावर वर्षाला ७ हजार युरोंची योजना काढली, आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून देण्याची. वर्षाला सात हजार! माझ्या गाडीची पावणेदोन वर्षांची घटसुद्धा तेवढी नाही.

पुण्याहून भाचा सारखा विचारतो, "मामा, येताना तीच घेऊन या की." बाबा रे, तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आणता येत नाही, आणि जी येते तिच्यावर किमतीहूनही जास्त शुल्क लागतं. मॅक्लारेनची मुंबईत शोरूम आहे, २०२२ च्या नोव्हेंबरात उघडली. ७२०एस तेव्हा ४ कोटी ६५ लाखांपासून होती. पण तिथे सेकंडहँड घेणाऱ्यांनीही जरा थांबून बघावं असं मला वाटतं. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात ब्रिटनमध्ये बनलेल्या ठरावीक गाड्यांवरचं शंभर टक्क्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. नवी गाडी स्वस्त होणार म्हटल्यावर पूर्ण शुल्क भरून आणलेल्या जुनीचा भाव जागेवर राहील कसा? ज्यांनी मागच्या दोन वर्षांत आणल्या त्यांच्या पोटात गोळा आला असेल.

इथे ब्रिटनमध्ये घेणार असाल तर १ एप्रिल २०१७ नंतर नोंदलेलीच घ्या. त्याआधीच्या गाडीला कार्बन उत्सर्जनाप्रमाणे रोड टॅक्स लागतो, २०२५-२६ च्या दराने सातशे पौंडांच्या वर, आणि तो दरवर्षी. नंतरच्या, सहा वर्षं उलटलेल्या गाडीचा महाग गाड्यांचा अधिभार सुरुवातीची वर्षं पहिल्या मालकानेच भरून संपवलेला असतो. मला १९५ पौंड पडले. जाहिरातींत २०१६ च्या गाड्या तीन-चार हजारांनी स्वस्त दिसतात, पण टॅक्समधला फरकच सहा-सात वर्षांत तेवढा होतो. बघायला जाताना टॉर्च न्या, चारही टायरचे आकडे वाचा, मग गाडी सुरू करा. माझी सध्या विकाऊ नाही. फोन करू नका.