कॅमकॉर्डरला बोया एम१ लावला आणि कीर्तन पहिल्यांदा नीट ऐकू आलं

गावच्या सप्त्यात बाबांचं कीर्तन दरवर्षी शूट करतो पण कॅमकॉर्डरच्या आतल्या माईकवर पखवाज आणि पंख्याची घरघरच जास्त यायची, म्हणून यावेळी बोया बीवाय-एम१ घेतला, कॉलरला लावायचा वायरवाला माईक. वायर ६ मीटर, आरामात पुरते. वायरवरच्या डबीत एलआर४४ बटन सेल आणि छोटा स्विच, एका बाजूला ऑफ/मोबाईल, दुसऱ्या बाजूला कॅमेरा.

पहिल्या दिवशी बाबा बोलायचे थांबले की मागून सूंऽऽ असा आवाज चढायचा, मला वाटलं माईकच खराब निघाला. पण तो कॅमकॉर्डरचा ऑटो गेन हो, शांतता झाली की तो आपोआप लेव्हल वर ओढतो आणि सोबत सगळी खरखरही. मेनूत जाऊन लेव्हल मॅन्युअल केली, बाबांना चढ्या आवाजात एक अभंग म्हणायला लावला आणि आवाजाचा मीटर -१२ डीबीच्या आसपास, म्हणजे कमाल पातळीच्या थोडा खालीच राहील असं बघितलं. जमीन-अस्मानाचा फरक! "विठ्ठल" म्हटल्यावर घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो.

उपरणं घासलं की आवाज येतो म्हणून क्लिप सदऱ्याच्या बटनपट्टीवरच लावा. हा माईक चहूबाजूंचं ऐकतो त्यामुळे टाळ येतातच, पण मागे राहतात, आणि कीर्तनात ते हवेतच की. हेडफोन लावून ऐकल्याशिवाय रेकॉर्ड दाबू नका. शूट संपलं की स्विच आठवणीने बंद करा नाहीतर सेल उतरतो, मी दोन जास्तीचे खिशात ठेवतो.