आमदार संपर्क कार्यालय, सांगली जिल्हा : 5 पैकी 2 स्टार

हॉटेलचा, मोबाईलचा रिव्ह्यू सगळेच लिहितात, पण ज्यासाठी आपण पाच वर्षांतनं एकदा उन्हात रांग लावतो त्या सेवेचा कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितोय. सांगली जिल्ह्यातलं एक आमदार संपर्क कार्यालय. मतदारसंघ सांगणार नाही आणि पक्षही सांगणार नाही, जिल्ह्यात 8 आमदार आहेत, 2024 ला 5 महायुतीचे आले आणि 3 आघाडीचे, यातलं कुठलंही समजा. कारण पक्ष लिहिला की अर्धे लोक तिथंच ठरवून मोकळे होतात की हा खोटं बोलतोय, आणि उरलेले अर्धे म्हणतात बघा आम्ही सांगत नव्हतो का.

काम माझं नव्हतं, काकीचं होतं. काका जाऊन दोन वर्षं झाली, पदरात एक पोरगी, शेत नाही, दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाते. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला 1500 रुपये मिळतात, उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजाराच्या आत, काकी त्यात सरळ सरळ बसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, काकांच्या मृत्यूचा दाखला, आधार, सगळं जोडून अर्ज तहसीलला दिलेला, पोच घेतलेली, आणि पुढं काही हालेना. तिथं एकानं सांगितलं की तालुक्याच्या समितीत मंजुरी होते, समितीवर बिगरसरकारी माणसं असतात, ती राजकीय नेमणुकीनं येतात, तेव्हा आमदारसाहेबांचं एक पत्र आणा बरं पडेल. खरं म्हणजे पत्र कशाला लागावं, अर्ज नियमात बसतोय की नाही एवढंच बघायचं असतं. पण गरज आपली होती, गेलो.

पहिली खेप जानेवारी 2025. ऑफिस तसं चांगलंय, हे आधी सांगतो. मुख्य रस्त्यावर, खुर्च्या भरपूर, प्यायच्या पाण्याचा जार, पंखा, चहा पण विचारतात. कामासाठी एक रुपया कुणी मागितला नाही, हे पण खरं. टेबलाला विशीतला एक पोरगा होता, गळ्यात पक्षाचं उपरणं. काकीनं कागद पुढं केले तर त्यानं कागदाकडं बघितलंच नाही. गाव कुठलं विचारलं. मग वॉर्ड कुठला. मग खिशातनं मोबाईल काढला आणि त्यात एक पीडीएफ उघडून बोटानं वर वर सरकवायला लागला, मला आधी वाटलं लाभार्थ्यांची यादी असेल. ती होती बूथवाईज निकालाची. आमच्या बूथच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, तुमच्या बूथनं आमचा घातच केला की वो, आणि आता आलाय व्हय काम घेऊन.

काकी त्याला म्हणाली, "बाळा, मी मत कुणाला दिलं ते तुला कसं कळलं?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं. फॉर्म ठेवून जावा म्हणाला, बघू.

माझा थोरला भाऊ हरलेल्या उमेदवाराचा बूथ एजंट होता, ते त्या पोराला माहीत असणारच, गावात काय लपतंय. पण परत येताना एसटीत बसल्यावर काकी मला हळूच म्हणाली की तिनं मत ह्याच साहेबांना दिलं होतं, काकांच्या तेराव्याला ते येऊन गेलेले म्हणून. मी खिडकीतनं बाहेर बघत बसलो, काय बोलावं सुचेना.

इथं जरा थांबून सांगतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मत गुप्त असतं, पण मोजणी मशीन मशीनची वेगळी होते, आणि नंतर प्रत्येक बूथचे आकडे जाहीर होतात. बूथला हजार-बाराशे मतदार, म्हणजे आमच्यासारख्या गावात दोन-तीन गल्ल्या, कुणाची गल्ली कुणाकडं गेली ते पोरंसोरं पण सांगतात. मतपत्रिका होत्या तेव्हा त्या मिसळून मोजायची सोय नियमात होती. मशीनसाठी पण निवडणूक आयोगानं टोटलायझर सुचवला होता, 2015 ला विधी आयोगानं पण शिफारस केली होती, अनेक बूथांची बेरीज एकदम निघावी आणि एका बूथचा आकडा वेगळा दिसू नये म्हणून. झालं काही नाही. आता ह्याची दुसरी बाजू पण आहे आणि ती मला पटते, बूथचा आकडा समोर असतो म्हणून लोकांना ताडून बघता येतं, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं डिसेंबर 2024 मध्ये स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं ते गावचा आकडा पटला नाही म्हणूनच ना, प्रशासनानं ते होऊ दिलं नाही ही गोष्ट वेगळी. पण हिशेब तपासायला ठेवलेला आकडा जर विधवा बाईच्या पेन्शनच्या टेबलावर उघडला जात असेल तर माझं डोकं फिरतं.

मधल्या काळात हरलेल्या साहेबांचं ऑफिस पण बघून आलो, भावानं तिथं महिनाभर घरचं सोडून राबलेलं. शटर बंद. बोर्ड तेवढा लटकलेला, त्यावर साहेबांचा हात जोडलेला फोटो. फोन लावला तर त्यांचा माणूस म्हणाला, आता आपली सत्ता नाही, तुमचं तुम्ही बघा. त्यांना मी शून्य देतो. निवडणूक हरली म्हणून एवढ्या हजारो लोकांनी दिलेली मतं रद्द झाली का? वर विधानसभेत काय चाललंय ते दिसतंयच, 288 मध्ये ठाकरे गट 20, काँग्रेस 16, शरद पवार गट 10, आणि विरोधी पक्षनेता व्हायला एका पक्षाचे एक दशांश म्हणजे 29 लागतात असा संकेत सांगतात, तेवढे कुणाकडंच नाहीत. मग निदान तालुक्यात तरी हरलेल्यानं टेबल-खुर्ची टाकून बसावं, तहसीलदाराला फोन करावा, त्याला आमदारकी लागत नाही. आबा, आर. आर. पाटील, ग्रामविकास मंत्री असताना 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान निघालं, मी शाळेत होतो, गावात दोन्ही पार्ट्यांची माणसं एकाच गटारीत खराटा घेऊन उतरलेली मी डोळ्यानं बघितलीत. निकाल लागल्यावर जेसीबीवरनं गुलाल उधळणं आणि हरलेल्याच्या दारात फटाक्याची माळ लावणं ही त्याच गावातली पोरं आता करतात, 23 नोव्हेंबरला आमच्या दारात लावली, आत आई तापानं फणफणलेली.

दुसरी खेप फेब्रुवारीत. ह्या वेळी टेबलाला चष्मेवाले एक काका होते, साठीतले, उपरणं वगैरे काही नाही. "बसा वहिनी," म्हणाले आणि पाण्याचा ग्लास स्वतः आणून दिला. सगळे कागद एकेक करून बघितले, आणि जे आम्हाला तहसीलला कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं, की पैसे आता डीबीटीनं थेट खात्यावर येतात, खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर होऊन पण पैसे येणार नाहीत, आधी बँकेत जावा. काकीचं खातं जोडलेलं नव्हतंच. गाव त्यांनी पत्रावर लिहायपुरतं विचारलं. वॉर्ड विचारलाच नाही. मी निघताना मुद्दाम म्हणालो, काका, आमच्या बूथला तुम्ही मागं होता. ते म्हणाले, "निकाल लागलाय न्हवं, मग आता तुम्ही पण आमचंच गाव." माझे दोन्ही स्टार ह्या माणसाला.

तिसऱ्या खेपेला साहेब स्वतः होते. नीट बोलले, आमच्या गेलेल्या काकांची आठवण काढली, पत्रावर सही केली, दोन मिनिटं. तो पोरगा त्यांच्या खुर्चीमागंच उभा होता. लोक म्हणतात साहेबांना खालचं काय माहीत नसतं, पोरं परस्पर करतात. मला हे अजिबात पटत नाही. ती पीडीएफ त्या पोरानं साहेबांच्याच ऑफिसात बसून उघडली, आणि साहेबांना आवडत नाही हे एकदा जरी त्याला कळलं असतं तर त्याची छाती झाली नसती. 5 डिसेंबर 2024 ला आझाद मैदानावर मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली ती सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, त्यात "ममत्वभाव किंवा आकस न बाळगता" असे शब्द आहेत. मंत्र्यांच्या शपथेत ते आहेत, आमदाराच्या शपथेत नाहीत, पण वर्षाला 5 कोटींचा आमदार निधी हातात असलेल्या माणसाच्या टेबलावर ते लागू नकोत का? नेता म्हणजे निकालानंतर आपल्या पोरांना आवरणारा माणूस, गुलाल उधळायला कुणी पण उधळतंय.

काकीचे पैसे सुरू झाले. पहिला मेसेज आला तेव्हा तिनं मला फोन करून तीनदा वाचायला लावला.

कुणाला जायचं असेल तर सकाळी साडेदहाच्या आत जावा, चष्मेवाले काका तेव्हा असतात, बाजाराच्या दिवशी गर्दी फार. तहसीलच्या पोचेच्या दोन झेरॉक्स ठेवा, आधार आधी बँकेत जोडून घ्या. गाव विचारलं तर सांगा. वॉर्ड विचारला तर कशाला पाहिजे ते विचारा, पेन्शनच्या फॉर्मवर बूथ नंबरचा रकाना नाही, मी दोन्ही बाजूनं बघितलाय.