बॉटम ब्रॅकेट घरी उघडायचा असेल तर: आट्यांचा की दाबून बसवलेला?

रोड सायकलची फ्रेम निवडताना वजन, भूमिती आणि रंग यांचा विचार बहुतेकजण करतात. बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँकचा (पेडलच्या दांड्यांचा) अक्ष ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या तळाशी बसणाऱ्या बेअरिंगच्या संचाचा विचार मात्र पहिला पावसाळा संपल्यावर, चढावर क्रँकखालून करकर ऐकू येऊ लागल्यावर सुरू होतो. माझ्याकडे गेली काही वर्षे दोन सायकली आहेत. एका स्टीलच्या फ्रेममध्ये जुन्या इंग्लिश मापाच्या आट्यांचा, म्हणजे ६८ मिलिमीटर शेलचा (शेल म्हणजे फ्रेमच्या तळाची, ब्रॅकेट जिच्यात बसतो ती आडवी नळी) बॉटम ब्रॅकेट आहे, तर दुसऱ्या कार्बन फ्रेममध्ये बीबी८६ प्रकारचा, दाबून बसवलेला. दोन्हींवर शिमानोचा २४ मिलिमीटर अक्षाचाच क्रँक असल्यामुळे क्रँक काढण्या-बसवण्याचे काम सारखेच आहे आणि त्याविषयी येथे लिहीत नाही. फरक पडतो तो क्रँक बाजूला ठेवल्यानंतर.

आट्यांच्या बाजूने बोलायचे तर योग्य खाचांचा पाना आणि थोडे ग्रीस एवढ्यावर काम भागते. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे ठाऊक असूनही मी एकदा घाईत कप (बेअरिंग धरणारी कडी) सोडवण्याऐवजी चांगलाच आवळला होता. इटालियन मापाच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे आटे सरळ असल्याने जुनी फ्रेम विकत घेणाऱ्याने आधी माप पाहावे. स्टीलच्या शेलमध्ये ॲल्युमिनियमचा कप ग्रीस न लावता वर्षानुवर्षे राहिला, तर तो असा धरतो की पाना घसरून खाचाच झिजतात. हा दोष खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

दाबून बसवलेल्या प्रकाराची बाजूही लंगडी नाही. ८६.५ मिलिमीटर रुंद शेलमुळे फ्रेम बनवणाऱ्याला खालच्या नळ्या जाड करता येतात आणि धातूच्या आट्यांची गरज उरत नाही. बसवण्याचे साधनही फार महाग असावे लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली आट्यांची सळई, दोन नट आणि मोठे वॉशर यांवर मी काम निभावले आहे, मात्र कप सरळ आत जातो आहे की नाही याकडे प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला पाहावे लागते. काढताना आतून ठोकावे लागते. हातोड्याचे घाव बेअरिंगमधून कपाकडे जातात, आणि मी ज्या दोन वेळा तो काढला त्या दोन्ही वेळी बेअरिंग पुन्हा वापरण्याजोगे राहिले नाही. कोणा अधिक कुशल हाताला ते जमत असेलही.

माझा निर्णय झाला तो याच ठिकाणी, आणि त्याला कारण करकर नव्हे, तर करकरीचा शोध. क्रँकखालून येतो असे वाटणारा आवाज अनेकदा तिथला नसतोच; पेडलचे आटे, चेनरिंगचे (क्रँकवरच्या दातेरी चक्राचे) बोल्ट, मागचे चाक आवळणारा क्विक रिलीज, सीटपोस्ट (सीटखालची नळी) यांपैकी कोणीही तो काढू शकते आणि फ्रेमच्या पोकळ नळ्या तो भलतीकडे पोहोचवतात. म्हणून एकेक संशयित वगळत जावे लागते. ताम्हिणीच्या पावसात दोन दिवस भिजून आल्यावर कार्बन सायकल बोलू लागली, तेव्हा मी पेडल आणि चेनरिंग तपासून थेट बॉटम ब्रॅकेटवर आलो, तो ठोकून काढला, नवा बसवला आणि दुसऱ्या दिवशी सिंहगडाच्या पहिल्याच वळणावर तीच करकर पुन्हा ऐकली. दोष सीटपोस्टचा होता. तो काढून, पुसून, कार्बनची पेस्ट लावून बसवल्यावर आवाज थांबला. उभे राहून पेडल मारताना आवाज येत नव्हता, ही खूण मी तेव्हाच ओळखायला हवी होती, हे मान्य. पण स्टीलच्या सायकलीवर हीच चूक मला अर्धा तास आणि बोटभर ग्रीस एवढ्यातच पडली असती.

पाण्याचेही तसेच. सीटपोस्टच्या फटीतून उतरलेले पाणी शेलमध्ये साचते. आट्यांचे कप काढून मी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आतला ओलावा आणि गाळ पुसतो, बेअरिंगचे बाहेरचे सील टाचणीने उचलून ग्रीस बदलतो आणि तेच कप परत लावतो. दाबून बसवलेल्यात सील उचलून ग्रीस भरता येते, परंतु शेलच्या आत डोकावण्याची किंमत म्हणजे नवा बॉटम ब्रॅकेट.

ज्यांची सर्व्हिस नेहमी दुकानातच होते, किंवा जे पावसात सायकल बाहेर काढत नाहीत, त्यांनी केवळ या कारणासाठी आवडलेली कार्बन फ्रेम नाकारावी असे मी म्हणणार नाही. तशी फ्रेम आधीच घरात असेल तर एकमेकांत आट्यांनी जोडले जाणारे दोन भागांचे बॉटम ब्रॅकेट मिळतात. माझ्या कार्बन सायकलीत आता तोच आहे आणि अजून तरी तो गप्प आहे. नव्याने निवडणाऱ्याला पर्यायांची वाणही नाही, कारण स्पेशलाइज्ड कंपनीने २०२० च्या टार्मॅक एसएल७ या सायकलीत इंग्लिश आटे परत आणले आणि ट्रेक कंपनीने डोमाने या सायकलीसाठी मोठ्या व्यासाचे टी४७ आटे स्वीकारले. माझी पुढची फ्रेम, ती शंभर-दोनशे ग्रॅमने जड भरली तरी, आट्यांचीच असेल.