फाळके आधी की तुकाराम?

बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न हल्ली बराच येतो. सून गुजराती, नातवंडं इंग्रजी शाळेत. मराठी समजतं सगळ्यांना, पण बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्यालाच गाडी ‘छे’वर येते. अशा घरात एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून एकच मराठी सिनेमा दाखवायचा असेल तर कुठला? माझ्या आवडत्या सिनेमांची यादी लांबलचक आहे आणि ती वाचून दाखवायला लागलो की माणसं पाणी प्यायला उठतात. या कामापुरते मात्र माझ्याकडे दोनच उरले: परेश मोकाशींचा, दादासाहेब फाळक्यांवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६).

जोडी विजोड वाटेल. पण दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. घरातल्या कर्त्या माणसाला एका गोष्टीचं वेड लागतं आणि त्या वेडाची किंमत घर मोजतं. आमच्या घरी मी दोन्ही लावून पाहिले, म्हणून हा आगाऊपणा.

‘फॅक्टरी’ लावणाऱ्याला काही कष्टच पडत नाहीत. नंदू माधव यांचा फाळके पहिल्या पाच मिनिटांत आपलासा होतो, संवाद सुटसुटीत आहेत, आणि त्यांच्या सिनेमात तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून मिश्या काढायला पुरुष शोधण्याची जी धमाल आहे तिला कुठल्याही भाषेतलं पोर हसतं. बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची, हा पेच तर आमच्या सुनेला समजावून सांगावाही लागला नाही. इतिहासाची घोकंपट्टी न करता १९११ ते १९१३ ही वर्षं डोळ्यांसमोरून जातात: नोकरी-धंद्याविना घरी बसलेला माणूस, विलायतेची वारी, मग ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’.

बडोदेकर म्हणून माझी एक बारीकशी तक्रार आहे. सयाजीरावांच्या कलाभवनात फाळके चित्रकला शिकले, कॅमेरा हातात धरला, पुढे गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला. सिनेमा १९११ला सुरू होत असल्यामुळे यातलं काही येत नाही. राजमहाल रोडवरून जाताना नातवाला ‘हे बघ, फाळके इथं शिकले’ असं आपणच सांगायचं. ही तक्रार खरं तर सोडून देण्यासारखी आहे.

दुसरी तक्रार मात्र मला सोडता आली नाही. ‘फॅक्टरी’त कुणी चिडतच नाही. घरातलं सामान विकलं जातं, हसू. शेजारी वेड्यात काढतात, हसू. डोळ्यांवर बेततं, तेही जरा थांबून पुन्हा हसू, आणि मागे ते टुणटुणीत संगीत आहेच, आता गंमत येणार आहे हे आधीच सांगणारं. सगळ्यांत जास्त खटकते ती फाळक्यांची बायको, सरस्वतीबाई. विभावरी देशपांडे यांनी ती गोड केली आहे, त्यांच्या कामाबद्दल बोट ठेवायला जागा नाही. पण खऱ्या सरस्वतीबाई सगळ्या चमूचा स्वयंपाक करत, फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत. एवढा रगाडा उपसणाऱ्या बाईनं एकदाही भांडं आपटलं नसेल? सिनेमात तरी तसं काही मला आठवत नाही. त्याच फाळक्यांची पहिली बायको आणि मूल प्लेगात गेले होते. दुःख या माणसाला नवं नव्हतं. मोकाशींनी ठरवूनच हलका सूर धरला असणार, तो त्यांचा अधिकार आहे, आणि कित्येकांना तोच आवडतो. मला पहिल्यांदा आवडला. पुढच्या खेपांना मी त्या घरात कोणी तरी ओरडण्याची वाट बघायला लागलो.

तुकारामात वाट बघावी लागत नाही. जिजाई सुरुवातीपासूनच तोंड उघडते. तिचं काम करणारी गौरी ही प्रभातमध्ये किरकोळ कामं करत वर आलेली बाई. तिचं बोलणं, चालणं, कमरेवर हात ठेवून उभं राहणं, कुठेच नटी दिसत नाही. पोर तापानं फणफणलेलं, घरात दाणा नाही, नवरा भजनात. ती एका हातानं पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. देवाला मारायला! आमच्या घरी इतका वेळ मोबाइलमध्ये असलेली मान इथे वर झाली. सून एवढंच म्हणाली, ‘बराबर छे.’ नवऱ्यावर जीव आहे आणि त्याच्या देवावर राग आहे, हे दोन्ही एकाच बाईत इतकं खरं मी फार कमी वेळा पाहिलंय. शेवटी विमान येतं तेव्हाही तुका एकटाच जातो, ती पोरांजवळ राहते.

तुकारामाच्या अडचणी आहेतच, लपवत नाही. आवाज जुना, खरखरीचा. चमत्कार आजच्या पोरांना कागदी वाटतात आणि विमानाला तर हमखास खिदळणं होतं. लांबीही जास्त. पण भाषेची भीती वाटते तेवढी नाही, कारण बरंचसं काम गाणं करतं. पहिलंच भजन घ्या: तुका साधेपणी गातो, मग तेच त्याच्यावर जळणारा सालोमालो नखरे करत गातो. ढोंग कुठलं हे कळायला मराठी यावंच लागत नाही. ‘आधी बीज एकले’ तर इतकं मुरलंय की शांताराम आठवल्यांचं ते गीत कित्येक जण तुकोबांचाच अभंग समजतात.

आणि गुजराती माणसाला तुकाराम परका नाहीच. पैशाचा हिशेब देवावर टाकून मोकळा झालेला भक्त म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर नरसिंह मेहता उभा राहतो. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांनी पुढे, १९४० साली, ‘नरसी भगत’मध्ये तेही काम केलं. हेच पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. ‘फॅक्टरी’त तारामती होणाऱ्या साळुंक्याला हसून झाल्यावर हे सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नाही.

तर मंडळाच्या हॉलमध्ये, शंभर माणसं, निम्मी पोरं, बाहेर वड्यांचा घाणा चालू, अशा वेळी ‘फॅक्टरी’च लावा. तिथे तुकाराम कुणाला ऐकूही येणार नाही. घरात आपली सात-आठ माणसं असतील तर, माझं ऐकणार असाल तर, तुकाराम. टीव्हीच्या आवाजावर विसंबू नका, वेगळा स्पीकर जोडा. जेवणं आधी उरकून घ्या. आणि विमानाला पोरं हसली तर हसू द्या, तोवर जिजाईनं त्यांना धरून ठेवलेलं असतं.