खाऊवर छापायचं की खाऊच छापायचा?

प्रदर्शनात चॉकलेटचा थ्रीडी प्रिंटर चालू असला की भोवती गर्दी जमतेच. पहिल्या थराला सगळ्यांचे मोबाइल बाहेर येतात. दहाव्या थरापर्यंत निम्मे लोक पुढच्या स्टॉलवर गेलेले असतात, आणि वस्तू पूर्ण होते तेव्हा ती बघायला यंत्रवाल्याशिवाय फारसं कोणी उरत नाही. या धंद्यात पैसे घालायचा विचार असेल तर हा प्रकार एकदा शेवटपर्यंत उभं राहून बघावा.

'खाद्यपदार्थांची छपाई' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे उद्योग नांदतात. एकात तयार खाऊवर चित्र उमटवतात: केकवरचा फोटो, गोळीवरचं अक्षर, कॉफीच्या फेसावरचा चेहरा. दुसऱ्यात खाऊच थरावर थर देऊन उभा करतात. पहिला जुना, सपाट आणि काहीसा कंटाळवाणा. दुसरा देखणा, बातमीत येणारा. माझा कल लपवत नाही: हातात मोजके पैसे असतील तर कंटाळवाणा निवडा. का, ते खाली येतंच आहे, आणि कुठे हे मत उलटतं तेही.

वर छापणं

ही छपाई आपण इतकी बघतो की ती छपाई वाटतच नाही. एम अँड एम्स या चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांवरचं अक्षर १९५० पासून आहे. आधी ते काळं होतं, १९५४ पासून पांढरं झालं. अशा गोळ्या पाण्यात सोडल्या तर रंगीत साखर विरघळते आणि अक्षर अलगद सुटून वर तरंगतं, कारण त्याची शाई पाण्यात विरघळणारी नसते. पण हे झालं कारखान्याचं काम, एकच अक्षर लाखो वेळा. छोट्या माणसाच्या कामाची ती इंकजेट.

यंत्र म्हणून यात चमत्कार काही नाही. साधा इंकजेट प्रिंटर, त्यात खाण्याच्या रंगाची कार्ट्रिज, आणि कागदाच्या जागी वेफर पेपर किंवा आयसिंग शीट. वेफर पेपर स्टार्चचा, स्वस्त आणि कडक; ओल्या क्रीमवर ठेवला की सुरकुततो, कडा वर उचलतात. आयसिंग शीट साखरेची, महाग, पण क्रीममधला ओलावा शोषून त्यात बेमालूम मिसळते आणि फोटो केकवरच उमटल्यासारखा दिसतो. ग्राहकाला हा फरक नावाने माहीत नसतो, पण नजरेला कळतो. गोलसर, ओबडधोबड किंवा तुपकट पृष्ठभाग असेल तर दोन्ही रुसतात.

चॉकलेटची गोष्ट वेगळी. इंकजेटची शाई पाण्यातली आणि चॉकलेट स्निग्ध, त्यामुळे थेट छापायला गेलं तर शाईचे थेंब गोळा होऊन बसतात. त्यासाठी ट्रान्सफर शीट वापरतात: रंगवलेल्या कोको बटरने, म्हणजे चॉकलेटमधल्याच स्निग्धांशाने, प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर नक्षी छापलेली असते, त्यावर वितळलेलं चॉकलेट ओतायचं, गार झालं की पत्रा सोलून काढायचा. नक्षी चॉकलेटवर येते, वर चकाकीही मिळते.

त्रास कशाचा? प्रिंटरचं डोकं तुंबण्याचा. खाण्याची शाई वाळली की त्या बारीक छिद्रांत बसते, म्हणून काम असो वा नसो, एखादं पान नेमाने काढावं लागतं. काळा रंग पुष्कळदा हिरवट नाहीतर जांभळट येतो. उजेडात रंग फिके पडतात, तेव्हा दुकानाच्या काचेत मांडलेला नमुना आठवड्यात म्हातारा दिसतो. आणि ज्या प्रिंटरमध्ये एकदा साधी शाई गेली, तो खाण्याच्या कामातून कायमचा बाद समजायचा. 'धुऊन घेतला' हे चालत नाही.

पण हिशेब बघा. एका पानावर बिस्किटाच्या आकाराची डझनावारी चित्रं बसतात आणि पान निघायला काही मिनिटं लागतात. प्रत्येक चित्र वेगळं असलं तरी वेळ तेवढाच. ग्राहक जादा पैसे देतो ते स्वतःच्या नावासाठी, स्वतःच्या चेहऱ्यासाठी, आणि ते सगळं सपाट चित्रात मावतं. वाढदिवस, लग्न, कंपनीचा समारंभ यांना तारीख असते. पुढच्या वर्षी तारीख परत येते, पाहुणे नवे असतात. त्यामुळे कल्पना जुनी होऊनही मागणी जुनी होत नाही.

खाऊच रचणं

इथे पद्धती तीन. नळीतून पिळून थर देणं ही सर्वांत रुळलेली. चॉकलेट, पीठ, चीज, जेली यांसाठी तीच. कॉर्नेल विद्यापीठातल्या फॅब अ‍ॅट होम प्रकल्पाने २००६-०७ च्या सुमारास सिरिंजवाला, आराखडा सगळ्यांना खुला असलेला प्रिंटर काढला, तेव्हा लोकांनी त्यात चॉकलेट आणि चीज भरून पाहिलं. दुसरी पद्धत साखरेच्या भुकटीवर थेंबाथेंबाने द्रव टाकून तेवढाच भाग घट्ट करण्याची. तिसरी उष्णतेची: २००७ मध्ये इव्हिल मॅड सायंटिस्ट लॅबोरेटरीजने कँडीफॅब हा प्रिंटर बनवला, त्यात साखरेच्या थरावर गरम हवेचा बारीक झोत फिरवून हवे तेवढेच दाणे वितळवत. करपट साखरेची ती शिल्पं दिसायला अफाट होती. विकायला मात्र अवघड.

चॉकलेटपाशी जरा थांबायला हवं, कारण नवे लोक सर्वांत आधी त्याकडेच धावतात. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठतं. त्यातला पाचवाच हवा असतो: तो चकाकतो, कडकन तुटतो आणि ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे जिभेवर, वितळतो. तो मिळवायला डार्क चॉकलेट ३१-३२ अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात धरून ठेवावं लागतं. हेच नळीतून पिळायचं तर एखाद-दोन अंश खाली गेलं की नळी तुंबते, वर गेलं की खालचा थर बसतो आणि वस्तू वाकते. खोली गरम असेल तर आणखीच. यंत्र विकणारा हा भाग हळू आवाजात सांगतो.

फळांचा गर, उकडलेल्या भाज्या, मळलेलं पीठ यांचं दुखणं निराळं. नळीत घालायचं ते एकजीव, गुठळीविना आणि घट्ट तरी वाहतं हवं. म्हणजे वाटणं, गाळणं, भरणं हे सगळं माणसानेच करायचं आणि मग यंत्राने 'स्वयंपाक' करायचा. पुन्हा बहुतेक यंत्रं पदार्थ शिजवत नाहीत, नुसता आकार देतात.

आता घड्याळ. एका नगाला २० मिनिटं लागतात असं धरू. आठ तासांत २४ नग, तेही मध्ये काही तुंबलं नाही तर. शेजारी २४ खळग्यांचा साचा ठेवा: एकदा ओतला, गार केला, उलटा केला, की तेवढेच नग अर्ध्या-पाऊण तासात हाती. या फरकाचं ओझं प्रत्येक नगाच्या किमतीवर पडतं, आणि त्या किमतीला ग्राहक एकदा 'वा' म्हणतो. दुसऱ्यांदा ती देईलच असं नाही.

ज्याचं कोणी नाव घेत नाही तो साचा

यातूनच मधला रस्ता निघतो आणि मला तो दोन्हींपेक्षा शहाणपणाचा वाटतो. थ्रीडी प्रिंटरने खाऊ छापायचा नाही, साच्याचा नमुना छापायचा. साध्या प्लास्टिकच्या प्रिंटरवर आकार काढा, त्यावरून खाद्ययोग्य सिलिकॉन ओता किंवा खाद्ययोग्य प्लास्टिकचा पत्रा गरम करून, मधली हवा ओढून घेऊन त्यावर चिकटवा, आणि त्या साच्यात नेहमीचं चॉकलेट ओता. प्रिंटरला रात्रभर लागली तरी बिघडत नाही, कारण ती रात्र एकदाच. छापलेला प्लास्टिकचा नमुना थेट अन्नाला लावू नये मात्र. थरांमधल्या खाचांत अन्नाचे कण अडकतात आणि नीट धुता येत नाहीत. एखाद्या संस्थेचं बोधचिन्ह हजार चॉकलेटांवर उठावात हवं असेल, तर या पद्धतीपुढे चॉकलेटचा प्रिंटर उभाच राहत नाही. हजारांवर हजार वेगळी नावं हवी असतील तर साचा हरतो, आणि मग पुन्हा इंकजेट.

नव्याचे नऊ दिवस, आणि दहावा

मागच्या दहा-पंधरा वर्षांत जे झालं त्यातून बरंच उमगतं. जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात थ्रीडी सिस्टिम्स या प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने साखर छापणारं शेफजेट दाखवलं. साधं यंत्र ५,००० डॉलरच्या आत, रंगीत १०,००० च्या आत, आणि त्याच वर्षी बाजारात, असं जाहीर केलं. त्याच सुमाराला हर्शी या चॉकलेट कंपनीशी करार, मग चॉकलेटचं कोकोजेट. बातम्यांचा पूर आला. शेफजेट मात्र ठरल्या वर्षी आलंच नाही. त्यामागचं तंत्र शुगर लॅब या छोट्या कंपनीचं होतं, आणि पुढे या नावाखाली यंत्रांऐवजी छापलेली मिठाई विकली जाऊ लागली.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं. जर्मनीच्या काट्येस या मिठाई कंपनीने २०१५ मध्ये बर्लिनमध्ये मॅजिक कँडी फॅक्टरी सुरू केली: तुम्ही आकार निवडायचा, समोर काही मिनिटांत जेलीची गोळी छापून मिळायची. मुलं खूश. त्या उपक्रमामागच्या मेलिसा स्नोव्हर यांनी पुढे नरिश्ड ही कंपनी काढली. तीच छपाई, तीच गोळी, पण आत प्रत्येकाच्या गरजेनुसार निवडलेल्या पोषकद्रव्यांचे सात थर. गंमत विकायची सोडून त्यांनी महिन्याच्या महिन्याला लागणारी वस्तू विकायला घेतली. गोळी वेगळी असण्याचं कारण डोळ्यांसाठी न राहता पोटासाठी झालं, आणि यंत्राच्या संथपणाला पहिल्यांदा काही अर्थ आला.

माझं मत उलटतं ते इथेच. प्रत्येक नग आतून वेगळा असलाच पाहिजे, किंवा आकार ओतून निघणारच नाही, अशा कामाला रचणाऱ्या प्रिंटरला पर्याय नाही. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांसाठी मऊ गरातून ओळखीच्या भाजीचा आकार देण्याचं काम बायोझून या जर्मन कंपनीच्या पुढाकाराने २०१२ ते २०१५ दरम्यान युरोपीय प्रकल्पात झालं. ताटातल्या बेढब गोळ्यापेक्षा गाजरासारखं दिसणारं गाजर खावंसं वाटतं, इतकी ती साधी कल्पना. बॅरी कॅलेबॉ या बड्या चॉकलेट कंपनीने २०२० मध्ये मोना लिसा थ्रीडी स्टुडिओ उघडला तो बड्या हॉटेलांसाठी आणि शेफसाठी. तिथे आकार हाच माल आहे आणि किंमत मोजणारा ग्राहक आधीपासून ठरलेला. यांपैकी एखादा ग्राहक खरोखर तुमच्या ओळखीत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा.

कॉफीच्या फेसावर छापणारी यंत्रं, २०१५ पासूनचं रिपल्स कंपनीचं तसं, हा मधला प्रकार. काही सेकंदांत कपावर चित्र. पण त्याने कॉफीची विक्री वाढते की नुसते फोटो वाढतात, हे ज्याच्या त्याच्या गल्ल्यावर ठरतं. शिवाय शाई त्याच कंपनीची घ्यावी लागत असेल तर खर्च दरमहा चालू राहतो.

कागदपत्रांचं

दोन गोष्टी कोटेशनमध्ये दिसत नाहीत. पहिली, रंग. टायटॅनियम डायऑक्साइडवर युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत बंदी घातली, आणि पांढरा रंग तर बराचसा त्याच्यावरच उभा होता. आज चालणारी शाई उद्या चालेलच असं नाही, आणि एका देशात चालते म्हणून दुसऱ्यात चालेल असंही नाही. दुसरी, हक्क. दहातले काही ग्राहक प्रसिद्ध कार्टूनचं चित्र घेऊन येणारच. ते छापून विकायला परवानगी लागते, आणि 'ग्राहकानेच फाइल दिली' या उत्तराने दुकानदार सुटत नाही.

यंत्र घ्यायचंच ठरलं, तर विक्रेत्याचं तयार डिझाइन चालवून बघू नका. आपली फाइल, आपलं चॉकलेट किंवा आपली शीट घेऊन जा, सलग दहा नग काढायला सांगा आणि मग यंत्र तुमच्यासमोर उघडून धुवायला लावा. नग किती वेळात निघाले याइतकंच, धुवायला किती वेळ गेला तेही लिहून घ्या.