नायक पाचव्या प्रकरणात येतो

उर्सुला के. ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही १९६८ सालची कादंबरी वाचून भारावलेला वाचक मालिकेचा दुसरा भाग उघडतो, तेव्हा त्याला पहिल्या भागाचा नायक, तरुण जादूगार गेड, हवा असतो. गाँट बेटावरचा तो शेळ्या राखणारा पोरगा, त्याचा गर्व, स्वतःच मोकळ्या सोडलेल्या सावलीपायी त्याने पालथा घातलेला समुद्र, हे सारे मनात ताजे असते. १९७१ साली आलेल्या 'द टूम्ज ऑफ अटुआन'मध्ये मात्र समुद्राऐवजी वाळवंट आहे, शेकडो बेटांऐवजी दगडी भिंतीने वेढलेले एक थडग्यांचे ठिकाण आहे आणि गेड आहे तो थेट पाचव्या प्रकरणात. पुस्तकाची प्रकरणे बारा.

माझ्या ओळखीच्या वाचकांचे या पुस्तकावर आजवर एकमत झालेले नाही. काहींना ते मालिकेतले सर्वांत घट्ट विणीचे पुस्तक वाटते. काहींच्या मते पहिली चार प्रकरणे गुदमरवणारी आहेत आणि पहिल्या भागाच्या नावावर भलतेच काही गळ्यात मारल्यासारखे वाटते. दुसऱ्या गटाला मी हसणार नाही, कारण पहिल्या वाचनात मी स्वतः चौथ्या प्रकरणात पुस्तक मिटून ठेवले होते आणि ते पुन्हा उघडायला मला दोन वर्षे लागली.

कथा तेनार नावाच्या मुलीची आहे. थडग्यांची मुख्य पुजारीण ज्या रात्री मरते, त्याच रात्री जन्मलेल्या मुलीच्या रूपाने ती परत येते, अशी अटुआन बेटावरच्या कार्गिश लोकांची श्रद्धा. त्यामुळे तेनारला वयाच्या पाचव्या वर्षी घरातून उचलून आणतात, तिचे नाव काढून घेतात आणि तिला अर्हा, म्हणजे 'खाल्ली गेलेली', असे म्हणू लागतात. खंडोबाला मुरळी वाहण्याची किंवा यल्लम्माला मुलगी सोडण्याची चाल ज्याने वाचून-ऐकून जाणली आहे, त्या मराठी वाचकाला हा विधी परीकथेतला वाटणार नाही. फरक आहे, आणि तो मोठा आहे: अर्हाच्या पायी लोक लोटांगण घालतात आणि मरणाचा हुकूम देण्याचा अधिकार तिला असतो. कोवळ्या वयातच ती तो वापरते. तीन कैद्यांना अंधारात अन्नपाण्यावाचून मरू देण्याचा हुकूम ती सोडते आणि नंतर कित्येक रात्री दचकून उठते. पुस्तक ज्यांना संथ वाटते त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचून पाहावे. घडते ते फार थोडे, पण पुढे तेनार जे काही करते त्या प्रत्येक गोष्टीवर या तीन माणसांचे ओझे आहे.

थडग्यांखालच्या गुहेत दिवा नेण्यास सक्त मनाई आहे. अर्हा ती गुहा केवळ हाताच्या स्पर्शाने ओळखते आणि तिच्यापलीकडच्या चक्रव्यूहाची वळणे मोजून पाठ करते: डावीकडचे दुसरे, मग उजवीकडचे पहिले. वाचकालाही ही मोजदाद तिच्याबरोबर करावी लागते, आणि कंटाळ्याची तक्रार बहुधा इथेच सुरू होते. पण पाचव्या प्रकरणात ती गुहेत पाऊल टाकते आणि तिथे उजेड असतो. एक परका माणूस आपल्या काठीच्या टोकावरचा प्रकाश धरून उभा असतो आणि ज्या जागेची ती स्वामिनी आहे, ती जागा तिला आयुष्यात पहिल्यांदा दिसते. भिंती स्फटिकांनी लखलखत असतात. आपल्या राज्याचे सौंदर्य तिला दाखवतो तो तिथे चोरी करायला आलेला माणूस! गेड पहिल्या पानापासून सोबत असता, तर हा उजेड आपल्यालाही एवढा लागला नसता. कारण तोवर आपण चार प्रकरणे तिच्याबरोबर चाचपडलेलो असतो. शिवाय गेड इथे आपल्याला तिच्या नजरेतून दिसतो. पहिल्या भागातला आपला नायक तिच्या लेखी लोखंडी दारामागे कोंडलेला, तहानेने मरू घातलेला, काळसर चेहऱ्याचा एक चोर असतो, आणि त्याला मारावे की पाणी द्यावे हे ठरवण्याचा अधिकार सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडे असतो. नायकाला इतके असहाय करण्याचे धाडस दुसऱ्या भागात फार थोडे लेखक करतात.

एरेथ-अक्बे या प्राचीन वीराच्या तुटलेल्या कड्याचा शोध, म्हणजे गेड इथे येण्याचे कारण, त्या मानाने सरळ आहे. कड्याचा एक तुकडा त्याला पहिल्या भागात मिळालेला असतो, दुसरा थडग्यांच्या खजिन्यात असतो आणि दोन्ही जुळल्यावर शांतीची हरवलेली खूण पुरी होते. एवढे लक्षात राहिले तरी पुरे. पहिला भाग वाचलेला नसला तरीही हे पुस्तक समजते.

माझ्या मते खरी तक्रार वेगळी आहे आणि ती काही वाचक, विशेषतः स्त्री-वाचक, फार नेमकेपणाने मांडतात. तेनारची सुटका अखेर एका पुरुषाच्या येण्यावरच अवलंबून का असावी? यावरचे नेहमीचे उत्तर असे की, गेडची सारी शक्ती तिथल्या अंधारातल्या दैवतांना थोपवण्यात खर्च होत असते आणि वाट फक्त तिलाच ठाऊक असते, त्यामुळे एकट्याने बाहेर पडणे दोघांनाही शक्य नसते. हे उत्तर कथानकापुरते खरे आहे. तरीही तिथल्या साऱ्या स्त्रियांत तेनारला वाट दाखवू शकेल अशी एकही नाही, ही गोष्ट खटकतेच. वडीलधाऱ्या पुजारिणींपैकी थार कठोर पण न्यायी आहे, कॉसिल सत्तेला चटावलेली आहे आणि तेनारची मैत्रीण पेन्थे, जिचा देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या तिथल्या राजावर काडीचाही विश्वास नाही, ती गोबरी, खादाड मुलगी दोन-तीन प्रसंगांत डोकावून निघून जाते. पेन्थेला आणखी जागा हवी होती, असे मला दर वाचनात वाटते. तेनारचा सेवक मानान याच्या मृत्यूचेही तसेच आहे. तेनारला लहानपणापासून माया लावणारा हा एकच माणूस खोल गर्तेत पडून मरतो आणि पुस्तक त्याच्यापाशी पुरते थांबत नाही.

शेवटच्या प्रकरणाबद्दलही मते विभागलेली आहेत. सुटका झाल्यावर आनंदीआनंद होईल, या अपेक्षेने वाचणाऱ्यांना तेनारचे रडणे आणि समुद्रकाठी सुरा हाती घेऊन गेडवर चालून जाणे अनाकलनीय वाटते. मला मात्र पुस्तकातले सर्वांत प्रामाणिक पान तेच वाटते. जिचे सगळे आयुष्य दुसऱ्यांनी आखून दिले होते, तिला मोकळ्या आकाशाखाली प्रथम भीती आणि संताप वाटणे स्वाभाविक आहे. त्यापुढचे हॅवनॉर या मोठ्या शहरातले स्वागत मात्र घाईने उरकल्यासारखे वाटते.

या पुस्तकाला १९७२ साली न्यूबेरी ऑनर हा बालसाहित्यासाठीचा अमेरिकन सन्मान मिळाला, त्यामुळे ते पुष्कळदा मुलांच्या कपाटात सापडते. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला ते जरूर द्यावे. त्याहून लहान मुलाला कैद्यांचे प्रकरण जड जाईल. वाक्ये लहान आणि स्वच्छ असल्याने बेताचे इंग्रजी असणाऱ्यालाही अडचण येणार नाही. चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह २०१८ साली निघालेला संपूर्ण मालिकेचा एकत्रित ग्रंथ देखणा आहे, पण अंथरुणात पडून वाचण्याजोगा नाही. मी सुटी प्रत घेईन. आणि तेनारला हॅवनॉरच्या गर्दीत सोडून देणे ज्यांना मान्य नाही, त्यांनी १९९० सालचे 'तेहानू' मिळवावे. त्यात ती गाँटवर विधवा म्हणून राहते आहे, प्रौढ झाली आहे, आणि या वेळीही पहिल्या प्रकरणापासून कथा तिचीच आहे.